भाकरीचा एक तुकडा आणि केडगावची मुक्ती : पंडिता रमाबाईंची गोष्ट

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वे मार्गावर केडगाव स्टेशन लागतं. रोज हजारो लोक इथून जा-ये करतात. दूधवाले, कॉलेजची पोरं, पुण्याला कामाला जाणारे. स्टेशनपासून जवळच मुक्ती मिशन आहे, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत. पण ते उभं कसं राहिलं, कुणी उभं केलं आणि का, हे विचारलं तर बरेच जण पंडिता रमाबाई एवढं नाव घेऊन थांबतात. शाळेच्या पुस्तकात नाव वाचलेलं असतं, बाकीचं सुटून गेलेलं असतं.

ही गोष्ट सुरू होते ती मात्र केडगावपासून फार लांब, एका दुष्काळात.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, चित्पावन ब्राह्मण. पेशव्यांच्या घरातल्या बाईला संस्कृत शिकवतात हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि आपल्याही बायकोला शिकवायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या काळात बाईच्या हातात पोथी म्हणजे अधर्म. लोकांनी गवगवा केला, धर्माच्या मोठ्या मंडळींपुढे जाब द्यावा लागला. पण शास्त्रीबुवा हटले नाहीत. पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात त्यांनी घर बांधलं आणि तिथं बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं. रमा तिथंच जन्मली.

ती सहा महिन्यांची असताना घर सुटलं. पाहुणे-विद्यार्थ्यांना जेवू घालता घालता कर्ज झालं होतं. वेताच्या पेटीत घालून, माणसाच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली आणलं. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थाटन करत फिरत राहिलं. गावोगावी देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर जगायचं. लक्ष्मीबाई पहाटे अंधारात लेकीला उठवून संस्कृत शिकवायच्या. दिवसा घरकाम आणि वाटचाल, म्हणून शिकायला वेळ तो पहाटेचाच. शाळेचं तोंड न बघता या मुलीला हजारो श्लोक पाठ झाले.

१८७४ च्या सुमाराला दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण टाकणार? होतं नव्हतं ते सगळं विकून झालं. कष्टाचं काम करायची सवय नाही, भीक मागायची लाज. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले. त्यांना खांदा द्यायलाही माणसं मिळाली नाहीत, मुलानं एकट्यानं ते ओझं वाहून नेलं. मग काही महिन्यांत, रायचूर भागात असताना, आई आजारी पडली.

त्या आजारात आईला भाकरी खावीशी वाटली. घरात दाणा नव्हता. रमा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. ती शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. मागायला तोंड उघडेना. रडू येऊ नये म्हणून तिनं ओठ गच्च मिटले, तरी डोळे वाहायला लागले. त्या बाईनं काही न विचारता ओळखलं. तिनं आपणहून विचारून भाकरी दिली. रमाला आभाराचा शब्दही बोलता आला नाही. ती धावत घरी आली. पण आईला आता घास गिळण्याचीही ताकद राहिली नव्हती. थोड्याच दिवसांत आई गेली. खांद्याला दोन जण दया येऊन आले, तिसरा भाऊ, चौथी रमा. उंचीनं कमी पडली म्हणून तिनं आपली बाजू डोक्यावर घेतली आणि कोसभराहून जास्त अंतर चालत गेली.

त्या बाईचं नाव कुठं नोंदलेलं नाही. भाकरी आईच्या पोटात गेली नाही. तरीही कितीतरी वर्षांनी रमाबाईंनी आपली हकीकत लिहायला घेतली तेव्हा ती भाकरी त्यांनी लिहिली. पुढे त्यांनी जे केलं ते समजून घ्यायचं तर ते दार आणि तो तुकडा डोक्यात ठेवावा लागतो.

भाऊ, नवरा आणि पुणे

थोरली बहीणही त्याच दिवसांत गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी उत्तरेकडे निघाले, पार पंजाबापर्यंत. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून त्यात रात्र काढली. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. एवढी संस्कृत जाणणारी बाई पाहून तिथले पंडित थक्क झाले. पंडिता आणि सरस्वती या पदव्या त्यांना तिथंच मिळाल्या.

पण नशीब काही सरळ झालं नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. प्रांत वेगळा, जात वेगळी. लग्न नोंदणी पद्धतीनं. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवराही गेला. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. त्याच घरात, पुस्तकांत पडलेलं लूकचं शुभवर्तमान बंगालीत त्यांच्या हाती लागलं होतं. येशूची त्यांना त्यातून ओळख झाली.

तान्हं मूल घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, बायकांसाठी पुस्तक लिहिलं, सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष दिली. बायकांना बाईच डॉक्टर आणि बाईच मास्तर पाहिजे, हे त्यांनी तिथं ठासून सांगितलं. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळं डॉक्टरकी राहिली ती राहिलीच.

लंडनच्या एका घरात काय पाहिलं

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहात होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं एक घर दाखवायला नेलं. समाजानं वाईट ठरवलेल्या, रस्त्यावर आलेल्या बायकांसाठीचं ते घर.

तिथं डोळे दिपावेत असं काही नव्हतं. भगिनी त्या बायकांची शुश्रूषा करत होत्या, त्यांच्याशी नीट बोलत होत्या, कामाला बरोबर घेत होत्या. बस्स, इतकंच. पण रमाबाई हे बघून हलल्या. अशा बाईची सावली नको म्हणणारा समाज त्यांनी पाहिला होता; अशा बाईच्या जखमा धुणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी भगिनींना कारण विचारलं. भगिनींनी त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाणी भरायला आलेली, पाच नवरे झालेली, लोकांनी वाळीत टाकल्यासारखी बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. पाणी मागायचं म्हणजे तिच्या भांड्याला तोंड लावायचं. ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडच्या पाणवठ्यांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

रमाबाईंनी त्या गोष्टीतून ख्रिस्ती धर्म जाणला. मोठ्या वादविवादातून नाही, वाद तर त्यांना संस्कृतात कुणाशीही जिंकता आला असता. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. धर्म बदलला म्हणून त्या कुणाच्या मुठीत गेल्या नाहीत. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, म्हणून त्या भगिनींशी भांडल्या. अंडं घातलेला पदार्थ खायला नकार दिला. जन्मभर शाकाहारी राहिल्या आणि पांढरं साधं लुगडंच नेसल्या. गोऱ्या लोकांनी सांगितलेला धर्म नको, येशूचा पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. चर्चच्या वडीलधाऱ्यांना हे फारसं रुचलं नाही.

शारदा सदन आणि वादळ

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथं पुस्तक लिहून, भाषणं करून त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. बोस्टनच्या लोकांनी संस्था काढून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

बालविधवा म्हणजे काय, हे आज आजीच्या तोंडूनही ऐकायला मिळत नाही. आठ-दहा वर्षांची पोर, नवरा नीट पाहिलेला नाही, तो मेला म्हणून डोक्याचे केस जायचे, एक वेळचं जेवण, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही. अशा मुलींना रमाबाईंनी शिकवलं, पण त्याआधी त्यांना बसायला जागा दिली, बागेत फिरू दिलं, हसू दिलं. सोवळं पाळायचं असेल तर पाळा, स्वयंपाक आपल्या रीतीनं करा, ही मोकळीक दिली. इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढं महर्षी कर्व्यांनी त्यांच्याशीच पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. हिंगण्याच्या संस्थेची एक मुळी अशी शारदा सदनात सापडते.

मग वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत मुलीला घेऊन प्रार्थना करायच्या. दार उघडं असायचं. काही मुली आपणहून येऊन बसायला लागल्या. पुण्यात बोभाटा झाला की विधवांच्या नावाखाली बाटवाबाटवी चाललीय. केसरीनं टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही अंग काढून घेतलं. बऱ्याच घरच्यांनी मुली काढून नेल्या.

टीका करणारे सगळे खोटे आणि रमाबाई सगळ्या खऱ्या, असं म्हणून चालणार नाही. धर्मशिक्षण देणार नाही अशा भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यांना फसवल्यासारखं वाटलं यात नवल नाही. दुसऱ्या बाजूला, आपल्या खोलीचं दार बंद करून प्रार्थना करायला रमाबाई तयार नव्हत्या. आणि काढून नेलेल्या मुलींचं पुढं काय झालं, याची फिकीर वर्तमानपत्रात कुणी फारशी केली नाही.

केडगावचा माळ

बोस्टनची मदत कधीतरी संपणार, म्हणून रमाबाईंनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळबाग लावली. उत्पन्नातून शाळा चालावी, एवढाच हिशेब. शेतकऱ्याच्या घरात हा हिशेब कुणालाही कळेल.

तेवढ्यात १८९६ उजाडलं आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या पुण्यात येऊ लागल्या. रमाबाईंना आपलं पंधरा-सोळाचं वय आठवलं. हातात पैसा नव्हता, जागा नव्हती, आधीच्याच मुलींचं भागवताना नाकी नऊ आले होते. तरी त्या निघाल्या.

सरकारी मदतीच्या छावण्यांत त्यांनी जे पाहिलं ते भुकेपेक्षा वाईट होतं. एकट्या राहिलेल्या तरुण पोरींना धान्याच्या मोबदल्यात ओढून नेणारे पुरुष तिथं फिरत होते. रमाबाईंनी अशा मुली, विधवा, अनाथ पोरी गोळा करायला सुरुवात केली. जवळपास तीनशे जणी त्यांनी आणल्या. जात विचारली नाही. शारदा सदन ब्राह्मण विधवांपासून सुरू झालं होतं. आता दुष्काळानंच ती भिंत पाडली.

आणलेल्या मुली म्हणजे हाडं आणि कातडं. अंगावर फोड, डोक्यात उवा, तोंड आलेलं. खूप दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम पोटभर घातलं तर माणूस दगावतं, म्हणून थोडं थोडं द्यावं लागतं, आणि उपाशी पोराला थोडंच देणं किती अवघड असतं ते देणाऱ्यालाच माहीत. काही मुली तरीही वाचल्या नाहीत. सदनातल्या जुन्या मुली पुढं आल्या. ज्यांना चार वर्षांपूर्वी घरच्यांनी कोपऱ्यात बसवलं होतं, त्या आता परक्या जातीच्या पोरींना न्हाऊ घालत होत्या, फोडांना औषध लावत होत्या, अक्षरं गिरवून घेत होत्या.

पुण्यात प्लेग आला. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारनं मनाई केली. मग केडगावचा माळ कामाला आला. तंबू ठोकले, झोपड्या उभ्या केल्या, आणि १८९८ पर्यंत पक्क्या इमारती झाल्या. नाव ठेवलं मुक्ती. प्लेगच्या दवाखान्यात बायकांचे काय हाल होतात, यावर रमाबाईंनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात कडक पत्र लिहिलं, त्याची चर्चा विलायतेपर्यंत गेली. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारला घाबरून राहिल्या नाहीत, हे त्यांच्या टीकाकारांनीही लक्षात घ्यायला हवं होतं.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. पुन्हा माणसं पाठवली, पुन्हा मुली आणल्या. केडगावची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. आजच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. एवढ्या तोंडांना रोज भाकरी लागते. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, शेती, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या.

कृपा सदन

या सगळ्यात एक घर वेगळं होतं, कृपा सदन. छावणीत, रस्त्यावर, देवळाच्या पायरीवर ज्यांना पुरुषांनी नासवलं, अशा बायकांसाठी. लंडनच्या फुलहॅममध्ये पाहिलेलं घर रमाबाईंनी सोळा-सतरा वर्षांनी दौंड तालुक्यात बांधलं. या बायकांना आजार असायचे, तोंडात शिव्या असायच्या, काही पळून जायच्या आणि परत यायच्या. परत आलेलीला दार उघडं. म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन होतं. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी मनोरमाबाई शिकवायच्या. त्यांनी ती अमेरिकेत शिकून घेतली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, जिथं डोळस मुलगी शाळेत जात नव्हती, तिथं आंधळी मुलगी बोट फिरवून मराठी वाचत होती.

मुक्तीत आलेल्या बहुतेक मुली पुढं ख्रिस्ती झाल्या, हेही खरं. रमाबाईंनी ते लपवलं नाही. आपल्याला जो भेटला तो त्यांना भेटावा, अशी त्यांची उघड इच्छा होती. यावरून आजही मतभेद होतील, होऊ देत. त्या माळावर आलेली पोर मात्र आधी न्हायची, जेवायची, झोपायची, बाकीचं नंतर.

शेवटचं काम

उतारवयात रमाबाईंना एक गोष्ट खटकत राहिली. मराठी बायबल होतं, पण त्याची भाषा जड, संस्कृत शब्दांनी भरलेली. संस्कृतच्या पंडितेनंच हे म्हणावं! घाण्यावर काम करणाऱ्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला ते कळत नव्हतं. मग पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत सगळं बायबल नव्यानं उतरवायला बसल्या. या कामाला पंधराच्या वर वर्षं लागली. कान जवळपास गेले होते. १९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं, पण त्याचं त्यांना फारसं अप्रूप दिसलं नाही.

२४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा यांच्यानंतर आता एकुलती एक लेक, आणि तीच पुढं मुक्ती सांभाळणार होती. रमाबाई आजारी होत्या, तरी भाषांतराचे कागद त्यांनी खाली ठेवले नाहीत. ते काम हातावेगळं झालं आणि पुढं थोडक्याच अवधीत, ५ एप्रिल १९२२ ला, केडगावातच त्या झोपेत गेल्या.

बायबल पूर्ण छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. शिशाचे खिळे एकेक करून जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, यंत्र फिरवणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यातल्या कितीतरी जणी दुष्काळात केडगाव स्टेशनवर उतरल्या होत्या, तेव्हा त्यांना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं.